अनफिटची दावत

बोकड सकाळीच कापून झाला होता. घरात गॅस असूनही राजव्वाने अंगणात जुनी शेगडी मांडली आणि तिच्यात कंपनीचा कोळसा भरला. तिचं म्हणणं सरळ होतं. ज्या नोकरीची दावत, त्या नोकरीच्या कोळशावरच मटण शिजलं पाहिजे. धूर क्वार्टरांच्या सगळ्या लाइनभर पसरला. एरवी कुणीतरी भांडायला आलं असतं, पण आज जेवणाचं आमंत्रण सगळ्यांनाच होतं, आणि खरं तर भांडायला शेजारी उरले होते किती? समोरच्या क्वार्टरांना कुलपं लागून वर्ष होत आलं होतं.

इतर गावांत माणूस आजारी पडला की लोक भेटायला येतात. आमच्या कॉलनीत माणूस अनफिट झाला की लोक जेवायला येतात. कंपनीच्या मेडिकल बोर्डाने बापाला खाणीत उतरायला नालायक ठरवलं की त्याच्या जागी पोराचं नाव लागतं. राजव्वाचा नवरा ओदेलू स्वतः असाच लागला होता, त्याच्या बापाच्या जागेवर. त्यामुळे पोरगं हाताशी आलं की बापाला ऐकू येईनासं होतं, चक्कर यायला लागते, पायऱ्या चढताना धाप लागते. कुणी कुणाला नावं ठेवत नाही. जन्मभर पोरांसाठी घाम गाळलेला माणूस शेवटी पोरासाठी थोडा खोटा आजारही काढतो, एवढंच. ओदेलूनेही तो काढला, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

"कुणाला धरलंस गं राजव्वा?" शेजारची लच्चव्वा कांदा चिरता चिरता डोळे पुसत म्हणाली.

"मी कुणाला धरणार? त्या बोर्डाचं दार कुठल्या तोंडाला आहे तेही मला ठाऊक नाही. नरसय्यानं केलं असेल. युनियनचा माणूस आहे, त्याचा फोन गेला की डॉक्टर उभे राहतात म्हणे."

"आमचे दोनदा गेले. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाला, तुम्ही तर बैल आहात. घरी येऊन रडले गं. आता तर बायीच बंद होणार. तुझं नशीब बघ, शेवटच्या बसमध्ये जागा मिळाली."

खाणीला आमच्याकडे सगळे बायी म्हणतात, म्हणजे विहीर. तीन नंबरची बायी पुढच्या वर्षी बंद होणार हे आता पोरासोरांनाही माहीत झालं होतं. वीजघराची एक चिमणी तर केव्हाच थंड झाली होती. आधी कंपनीने नाकारलं, मग पुढाऱ्यांनी नाकारलं, मग एक दिवस दोघांनी मिळून सभा घेतली आणि 'कोळशानंतरचं जीवन' या विषयावर आम्हाला चहा-बिस्किटं दिली. राजव्वा त्या सभेला गेली नव्हती. तिला कोळशानंतरचं काही नको होतं. तिला धाकट्या मुलाचं, संपतचं लग्न हवं होतं. मंचिर्यालची मुलगी ठरली होती, आणि ठरली होती ती या नोकरीच्या भरवशावर. मुलीचा मामा आज जेवायला येणार होता. म्हणून राजव्वाने नवी साडी नेसली होती आणि धुरात उभी राहून ती काळी करून घेतली होती.

*

संपत आणि त्याची थोरली बहीण सम्मक्का तेव्हा तलावावर होते. वस्तीमागचा हा तलाव खाणीच्या मातीखाली अर्धा बुजला होता. सम्मक्काने चाळीसेक बायका गोळा करून उन्हाळाभर तो उपसला. कॉलनीच्या नळाला येतं ते पाणी बायीतलं. खाण बुडू नये म्हणून पंप रात्रंदिवस ते वर फेकतात आणि तेच आम्ही पितो. पंप बंद झाले की नळ बंद. सम्मक्काने हे पहिल्यांदा सभेत सांगितलं तेव्हा लोक हसले. मग हिशेब करून बघितल्यावर हसणारे गप्प झाले, पण फावडं घेऊन मात्र बायकाच आल्या.

काठावर संपतने उन्हावर चालणारा पंप बसवला होता. तो वारंगलला जाऊन हे काम शिकून आला होता. सौर पॅनेलं तिरकी लावायची, तारा जोडायच्या, धूळ पुसायची. धूळ पुसणं हेच खरं काम, असं तो म्हणायचा, कारण आमच्याकडे काळी धूळ सूर्यालाही सोडत नाही.

"आज सांगणार मी," हात धुता धुता तो म्हणाला.

"जेवणाआधी नको. उपाशी माणसांना 'नाही' ऐकवू नये."

"अक्का, मी गंमत करत नाही. मला नाही उतरायचं. तू माझ्या बाजूनं बोलशील ना?"

"बोलेन की," सम्मक्का म्हणाली आणि पायाचा चिखल दगडावर घासत राहिली. "अव्वा आधी रडेल, मग लाटणं उचलेल. लाटण्याच्या वेळी मी मधे येते. रडण्याचं तू बघ."

संपत हसला. सगळं घर एकीकडे झालं तरी अक्का आपल्या बाजूची आहे, एवढ्यावर तो घरी निघाला. बापूचं काय, हे त्याला कळत नव्हतं. बापू गेले काही महिने कुणाशीच फारसं बोलत नव्हता. आपल्यासाठी बापूने बोर्डापुढे खोटं बोलावं, ही गोष्ट त्याच्या जिवाला लागून राहिली होती. आपण नाही म्हणणार आणि ते खोटं वाया जाणार, याची त्याला लाज वाटत होती.

*

राजलिंगूने आपली डिझेलची रिक्षा मांडवापासून लांब उभी केली. थोरला मुलगा म्हणून सकाळी लवकर यायला हवं होतं. तो मुद्दाम उशिरा आला. रिक्षाला गिऱ्हाईक नव्हतं असं सांगायचं त्याने ठरवलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. क्वार्टरं रिकामी होत गेली तशा त्याच्या फेऱ्या आटत गेल्या होत्या.

तो ऐन तेविशीत होता तेव्हा त्यानेही बापूच्या पाया पडून मागणी केली होती. बापू, अनफिट व्हा. सगळे होतात. ओदेलू तेव्हा म्हणाला होता, "माझी छाती धडधाकट आहे. खोटं कसं सांगू?" राजलिंगू वर्षभर बापाशी बोलला नाही. मग बोलायला लागला, पण ते पाणी दे, ताट घे, एवढंच. आता त्याचं वय नियमाबाहेर गेलं होतं. आणि ज्या बापाला थोरल्यासाठी एक खोटं बोलता आलं नाही, त्याने धाकट्यासाठी ते बोलून दाखवलं होतं. राजलिंगूला नोकरी न मिळाल्याचं दुःख केव्हाच पचलं होतं. हे पचत नव्हतं.

"आलास?" राजव्वाने त्याच्या हातात ताटली दिली. "ही कलेजी नरसय्याला नेऊन दे. खास ठेवलीय म्हणावं. आणि तोंड जरा नीट कर. भावाचं चांगलं होतंय."

नरसय्या खुर्चीत ऐसपैस बसून ताडी पीत होता. राजलिंगूने ताटली पुढे केली.

"अव्वानं खास दिलीय. तुमच्यामुळे झालं सगळं."

"माझ्यामुळे?" नरसय्या हसला. "अरे, मला तर ऑफिसात कळलं. मी रागावलोच होतो ओदेलूवर. इतक्या वर्षांची ओळख, आणि परस्पर दुसऱ्याला धरलं?"

"दुसऱ्या कुणाला?"

"तेच मी विचारणार होतो तुला. बोर्डावर सगळे नवे डॉक्टर आलेत. माझं ऐकत नाहीत, आमदाराचं ऐकत नाहीत. वर्षभरात आमचा एक माणूस सुटला नाही. खरोखरच काही निघालं तरच सोडतात." त्याने कलेजीचा तुकडा तोंडात टाकला. "वा! राजव्वाच्या हाताला चव आहे बाबा."

राजलिंगू तिथून हलला, पण चार पावलांवर थांबला. पंधरा वर्षं तो एकच गोष्ट मनात घोळवत आला होता, की माझा बाप खोटं बोलत नाही. सगळ्या कॉलनीत हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. जो माणूस तेव्हा पोटच्या पोरासाठी बोलला नाही, तो आता तरी का बोलेल?

*

ओदेलू घरामागे पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसला होता. नवा सदरा त्याला मोठा होत होता. राजव्वाने तो अंदाजाने आणला होता, जुन्या मापाच्या.

"बापू, नरसय्यानं काही केलेलं नाही."

"नाही."

"मग कुणी केलं?"

"कुणाला काही करावं लागलं नाही." ओदेलूने त्याला बसायची खूण केली. "हैदराबादला पाठवलं होतं ना, त्या डॉक्टरनं छातीवर एक बोट ठेवलं आणि दुसऱ्या बोटानं ठोकलं. मी हसलोच. म्हटलं, हे तर माझं काम."

ओदेलूचं खाणीतलं काम छताचं होतं. माणसं आत शिरण्याआधी दांड्याने छत ठोकायचं, आवाज ऐकायचा आणि लागेल तिथे टेकू द्यायचा.

"चांगलं छत खणखणीत वाजतं. आतून सुटलेलं बद्द वाजतं. त्यानं इथं ठोकलं, इथं ठोकलं. त्याच्याआधी मला कळलं. मी म्हणालो, सर, आता टेकू लावून उपयोग नाही. तर तो माझ्याकडं बघतच राहिला."

"काय म्हणाला तो?"

"दगड झालाय म्हणाला आत. कोळशाचा. औषधं दिलीत, खोकल्याला बरी आहेत."

"आणि तुम्ही घरी येऊन सांगितलंत की काम झालं!"

"मी एवढंच म्हटलं, अनफिट केलं. तुझी अव्वा नाचायलाच लागली. तिला इतकं खूश मी तुझ्या जन्मानंतर बघितलं नव्हतं. मला तिचा आनंद मोडवेना रे." ओदेलू धापा टाकत थांबला, मग म्हणाला, "संपतला बोलायचं नाही. त्याला नाही उतरायचं. तो मला सांगत नाही, पण कळतं. खरं कळलं तर आजच्या आज सही करेल. बापानं जीव दिला म्हणून आपणही द्यायचा, असलं काहीतरी डोक्यात घेईल. ते पोरगं तसंच आहे."

"तुम्हाला वाटतं त्यानं उतरू नये?"

"मला माझ्या बापानं विचारलं नव्हतं. याला तरी कुणी विचारावं."

राजलिंगूला रडू आलं आणि त्याच वेळी राग आला. "आणि मला हवी होती तेव्हा? मला का नाही दिलीत?"

"तेव्हा छाती चांगली होती," ओदेलू म्हणाला. "तुला द्यायला माझ्याकडं काही नव्हतं, राजलिंगू. आता आहे, तर तुझं वय गेलं."

राजलिंगूने बापाचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच धरला असेल. समोरून राजव्वाची हाक आली, पंगत बसली म्हणून, आणि दोघं उठले. उठताना ओदेलूला त्याचा आधार घ्यावा लागला.

*

बगारा भात आणि मटण पोटभर झाल्यावर नरसय्याने हात पुसले आणि विषय काढला. "हं, ओदेलू. नाव कुणाचं घालायचं ते एकदा सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. उद्या मी ऑफिसात सांगतो."

"कुणाचं म्हणजे?" राजव्वा म्हणाली. "संपतचं."

संपत उभा राहिला. "मला नको."

मांडवात क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मुलीचा मामा हसला. "नको म्हणजे? अजून थोडं मटण नको म्हणतोय का जावई?"

"नोकरी नको. तीन नंबर बंद होतेय. मला दुसऱ्या जिल्ह्यात खुल्या खाणीत टाकतील. ती चालेल काही वर्षं. तीही बंद झाली की मी राजलिंगू अन्नाच्या वयाचा असेन आणि हातात दुसरं काहीच नसेल. इथं पंपाचं काम आहे. पुढच्या वर्षी नळ कोरडे पडतील तेव्हा पाणी कोण चढवणार?"

"बरंय की!" मामा म्हणाला. "म्हणजे आमच्या पोरीनं भूक लागली की उन्हात उभं राहायचं. ताटात काय, ऊन वाढणार?"

लोक हसले. राजव्वा हसली नाही. तिने सम्मक्काकडे बघितलं. "हे तुझं शिकवणं. तू डोक्यात भरलंस त्याच्या."

संपतनेही बहिणीकडे बघितलं. सम्मक्का उष्टी पत्रावळ हातात धरून उभी होती. ती पत्रावळच दुमडत राहिली.

"तम्मी," ती धाकट्याला म्हणाली, "नोकरी घे."

"अक्का?"

"घे म्हणते ना. आम्हा दोघीतिघींना पंप शिकव आणि जा. तलाव कुठं पळत नाही."

"सकाळी तू म्हणालीस..."

"सकाळी म्हणाले. नंतर इथं बसून सगळ्यांची तोंडं बघितली." तिने पत्रावळ खाली टाकली. "माझा नवरा कंत्राटावर होता. बायी बंद करायची गडबड सुरू झाली आणि पहिल्या दिवशी त्याला घरी बसवलं. परमनंट माणसाला निदान दुसरीकडं तरी पाठवतात. मी चिखल उपसते तो हौस म्हणून नाही, माझ्याकडं दुसरं काही नाही म्हणून. तुझ्याकडं आहे, आणि तू ते फेकतोयस. मला नाही बघवत."

संपतचा चेहरा इतका पडला की लच्चव्वानेही मान फिरवली. सम्मक्का चूक बोलली असं मी म्हणणार नाही. आमच्याकडच्या निम्म्या बायकांनी तेच सांगितलं असतं.

राजव्वा आता रडत होती. "तुझा बाप बघ! जन्मात कधी खोटं बोलला नाही हा माणूस. तुझ्यासाठी त्या डॉक्टरपुढं छातीवर हात ठेवून खोटं बोलला. तुझ्यासाठी! आणि तू त्याच्या तोंडावर म्हणतोस, नको?"

राजलिंगूने बापाकडे बघितलं. ओदेलू जमिनीकडे बघत होता. एक वाक्य बोललं असतं तर सगळं मिटलं असतं. संपतने तिथल्या तिथे मान खाली घातली असती, लग्न झालं असतं, अव्वा शांत झाली असती. ते वाक्य राजलिंगूच्या ओठापर्यंत आलं होतं. या घरात आजवर त्याच्या हातात कधी काही आलं नव्हतं. आज आलं होतं ते हे.

"नको घेऊस, संपत," तो म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"काय म्हणालास?" राजव्वाचं रडणं थांबलं.

"त्याला नको तर नको. जबरदस्तीनं खाली कशाला ढकलायचं?"

"तू बोलतोस हे? तू? एक वर्ष घरात तोंड फिरवून बसला होतास या नोकरीसाठी!" ती त्याच्या अंगावर धावून गेली. "तुला मिळाली नाही, म्हणून त्यालाही मिळू नये. असंच ना?"

राजलिंगूला वाटलं की आपण आता बोलून टाकू. त्याने बापूकडे एकदा बघितलं.

"हो," तो म्हणाला. "असंच समज."

राजव्वाने त्याच्या तोंडात मारली. भर मांडवात, नातवंडांच्या बापाला. तो तसाच उभा राहिला.

"पुरे," ओदेलू म्हणाला. "नरसय्या, कुणाचंच नाव नाही."

"हक्क बुडेल, ओदेलू. पुन्हा मिळणार नाही."

"बुडू दे."

मामा उठला. त्याने हात धुतले, चपला घातल्या आणि विडा न घेताच निघाला. त्याला थांबवायला कुणी गेलं नाही. पोरीकडचा माणूस विडा न घेता गेला म्हणजे काय, ते सांगायची गरज नव्हती. राजव्वा शेगडीजवळ मटकन बसली. सम्मक्का तिच्या शेजारी जाऊन बसली, आणि मायलेकींनी एकमेकींचे हात धरले. सकाळपर्यंत या दोघींचं पटत नव्हतं.

संपत राजलिंगूजवळ आला. त्याचे डोळे भरले होते. "अन्ना, मला वाटलं होतं तूच सगळ्यांत मोठ्यानं ओरडशील. तू एकटा माझ्या बाजूनं उभा राहिलास. जन्मभर विसरणार नाही."

"जा, बापूला पाणी दे," राजलिंगू म्हणाला.

पाणी यायच्या आत ओदेलूला खोकला सुरू झाला. खाणीतला कोणता माणूस खोकत नाही? कुणी लक्ष दिलं नाही. पण तो थांबेना. ओदेलूने खांबाला धरलं, दुसरा हात तोंडावर दाबला आणि तो वाकून वाकून खोकत राहिला.

राजव्वाने डोळे पुसले आणि तिथूनच ओरडली, "पुरे करा आता ते सोंग! नोकरी घालवलीत, अजून कुणाला दाखवताय? डॉक्टर इथं जेवायला बोलावला नाही मी!"

मांडवात हशा पिकला. सगळ्यांनाच हसायला काहीतरी हवं होतं. नरसय्या मांडीवर थाप मारून हसला, लच्चव्वा हसली, रडता रडता सम्मक्काही हसली. भाऊ हसतोय का, ते बघायला पाणी घेऊन आलेल्या संपतने वळून बघितलं. ओदेलू तोंडावरचा हात न काढता मान हलवून हसला आणि त्याने राजलिंगूकडे बघितलं. म्हणून राजलिंगूही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.